वावरातली बॅटरी अर्धपोटी का मरते

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. खडकपूर्णा, नळगंगा, पेनटाकळी या धरणांवर मासेमारीच्या छोट्या नावा दिसतात, त्याही वल्ह्यांवर चालणाऱ्या. तरी शिडाची छोटी नौका घेऊन महिनोन्‌महिने समुद्रात राहणारी माणसं ज्या प्रश्नाशी झगडत आली, तोच प्रश्न आज मोताळा, संग्रामपूर, मेहकरच्या वावरात रोज रात्री उभा राहतो. विजेचा खांब जवळ नाही, किंवा असला तरी त्या वेळी तारेत वीज नाही. एक छोटी सोलर प्लेट आहे, एक बॅटरी आहे आणि सकाळपर्यंत काही ना काही चालू राहिलंच पाहिजे. नौकेवर दिवा, बिनतारी यंत्र आणि सुकाणू चालू राहावं लागतं. आपल्याकडे कुंपणाच्या तारेला झटका देणारं झटका मशीन, घरचा इन्व्हर्टर, फवारणीचा पंप आणि ओलिताला गेलेल्याच्या डोक्यावरची टॉर्च.

या प्रश्नावर आपल्याकडे चर्चा होते ती बहुतेक खरेदीपुरती. कोणत्या कंपनीची घ्यावी, किती महिन्यांची गॅरंटी, जुनी देऊन किती सूट. बॅटरी दीड वर्षात बसली की कंपनी बदलली जाते आणि पुढची बॅटरीही दीड वर्षातच बसते. माझं म्हणणं एवढंच की आपल्या बॅटऱ्या बहुतांशी वापराने मरत नाहीत, अर्धपोटी राहून मरतात. कंपनी कोणतीही असो, तिला पूर्ण भरायची सोय आपण केलेली नसते. समुद्रावरच्या लोकांना हे फार पूर्वी कळलं, कारण तिथे बॅटरी बसली तर दुकान हजार मैलांवर.

आधी बॅटरीची गरज कुठून आली ते पाहू. शेतीपंपाची थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीने येते. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाल्यापासून पाळी संपली की वावरातला दिवाही गेला. त्यात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर. घाटाखाली सातपुड्याच्या पायथ्याला अंबाबरवा अभयारण्य आहे, बुलढाणा-खामगाव पट्ट्यात ज्ञानगंगा आहे, आणि त्यांच्या भोवतीच्याच नव्हे तर बऱ्याच लांबच्या शिवारांतही कळप उतरतात. सोयाबीन वीतभर झालं की रोही खुडतो, मका दुधात आला की डुकरं एका रात्रीत अर्धा एकर लोळवतात. पूर्वी याला उपाय एकच होता, जागल. माळ्यावर बसून डबे वाजवायचे, फटाके फोडायचे. घरातला एक माणूस तीन-चार महिने रात्रीची झोप विसरायचा. झटका मशीनने ही जागल बऱ्याच घरांतून उठवली, आणि म्हणूनच त्या मशीनची बॅटरी हा माणसाच्या झोपेचा प्रश्न आहे.

तो जिवाचाही प्रश्न आहे. मशीन बंद पडलं म्हणून काही जण तारेला थेट पंपाच्या लाइनची वीज जोडतात. दर वर्षी विदर्भात अशा तारांनी माणसं जातात, कधी शेजारच्या धुऱ्यावरून पहाटे येणारा, कधी घरातलाच. हा गुन्हा तर आहेच. झटका मशीन आणि लाइन यांतला फरक मात्र नीट सांगितला जात नाही. मशीन हजारो व्होल्टचा झटका देतं, पण तो सेकंदाच्या अगदी लहान तुकड्यापुरता. मानकांप्रमाणे दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचं अंतर हवं आणि एका झटक्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या आत हवी. त्या मधल्या सेकंदात जनावराला किंवा माणसाला मागे सरता येतं. २३० व्होल्टची लाइन सोडतच नाही, स्नायू आखडतात आणि हात तारेवरच राहतो. बॅटरी भरलेली ठेवणं हा या मोहापासून लांब राहण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

आता बॅटरीच्या पोटात डोकावू. शिसं आणि आम्ल यांची ही बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली. तेव्हापासून तिचं तत्त्व बदललेलं नाही. ती रिकामी होते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटचे बारीक कण बसतात, भरते तेव्हा ते विरघळून जातात. पण कण तसेच राहू दिले तर ते मोठे आणि टणक होत जातात, मग कोणत्याही चार्जरने पूर्णपणे जात नाहीत. तेवढा पट्टीचा भाग कायमचा निकामी. याला सल्फेशन म्हणतात. ते रिकाम्या बॅटरीत होतं हे बहुतेकांना माहीत असतं. पण पाऊण भरलेल्या बॅटरीतही ते होतं, फक्त सावकाश, आणि दिव्याच्या उजेडात फरक पडत नसल्याने महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

पूर्ण भरणं अवघड का, हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. पहिले ८० टक्के बॅटरी आनंदाने आणि भराभर घेते. त्यानंतर तिची घेण्याची ताकद उतरत जाते. १२ व्होल्टच्या बॅटरीला १४.४ व्होल्टच्या आसपास धरून ठेवावं लागतं आणि करंट हळूहळू कमी होत शेवटचे २० टक्के भरायला चार-पाच तास लागतात. घाई करून चालत नाही, मोठा चार्जर लावूनही चालत नाही. नौकेवरच्या लोकांची पहिली कित्येक वर्षं इथेच फसगत झाली. बॅटरी उतरली की ते इंजिन तासभर चालवत. तासाभरात ती ७५-८० टक्क्यांवर येई, इंजिन बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही महिन्यांत शंभर एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी पन्नासची होऊन बसे. खरा उपाय सोलर प्लेटने दिला. प्लेट थोडंच देते पण दिवसभर देते, आणि शेवटच्या २० टक्क्यांना नेमकं तेच लागतं. म्हणून जाणते नाविक इंजिन चालवायचंच असेल तर सकाळी चालवतात, संध्याकाळी नाही. पहिला मोठा घास इंजिनाचा, उरलेला दिवस उन्हाचा. आपल्याकडे वीज आल्यावर तासभर चार्जरला लावून बॅटरी वावरात परत नेणाऱ्यांनी हाच क्रम पाळावा. सकाळी चार्जर, मग दिवसभर प्लेट.

बॅटरी किती भरली आहे, हे विचारायला कुणाकडे जायची गरज नाही. साधा मल्टिमीटर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. पहाटे, प्लेटवर ऊन पडायच्या आत, मशीन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबायचं आणि दोन टर्मिनलवर काट्या टेकवायच्या. १२.६ किंवा १२.७ आलं तर पूर्ण. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी, इथून खाली नेऊ नये. १२ वर ती पाव भाग उरलेली असते, आणि ११.८ म्हणजे संपली. दुपारी प्लेट चालू असताना १३.५ दिसतं ते बॅटरीचं नसून चार्जिंगचं असतं. या एका चुकीच्या वाचनावर कितीतरी बॅटऱ्या ‘भरलेल्या’ ठरतात. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर याहून खरं सांगतो, कारण तो सहाही खान्यांचं पाणी वेगवेगळं तपासतो. पाच खाने १२४० दाखवत असतील आणि सहावा ११५०, तर त्या एका खान्यामुळे बॅटरी जाणार आहे आणि नवी प्लेट लावून काही होणार नाही.

भरण्याआधी खर्च कमी करायचा, हा नाविकांचा दुसरा धडा. मला तो पहिल्याहून मोलाचा वाटतो. त्याची सगळ्यात बोलकी गोष्ट मुंबईत बांधलेल्या नौकेची आहे. ‘सुहैली’ ही ३२ फुटांची सागवानी नौका मुंबईत तयार झाली आणि १९६४ मध्ये पाण्यात उतरली. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीला फेरी घालून परतले. असं करणारे ते पहिले. तेव्हा नौकेवर सोलर प्लेट नव्हती. बॅटरी भरायला एक छोटं इंजिन होतं. त्यातलं एक बारीक अंतर नेमकं लावायचं होतं आणि ते मोजायचा गेज नव्हता. तेव्हा त्यांनी पुस्तकाची किती पानं एका इंचात बसतात ते मोजलं, त्यावरून एका पानाची जाडी काढली आणि पानंच गेजसारखी वापरली. बिनतारी यंत्र प्रवासाच्या पहिल्याच काही महिन्यांत गेलं, तरी नौका चालत राहिली, कारण तिचं सुकाणू विजेवर नव्हतंच. ते वाऱ्याच्या जोरावर आपोआप वळायचं.

आजही शिडाच्या नौकेवर सर्वांत जास्त वीज पिणाऱ्या वस्तूंपैकी एक म्हणजे विजेवरचं स्वयंचलित सुकाणू, म्हणजे ऑटोपायलट. गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच नौकेवरून १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघालेल्या अभिलाष टॉमींनी ती न थांबता पूर्ण केली. पुढे टॉमी ज्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले, तिच्या नियमांत विजेचं सुकाणू चालतच नाही, फक्त वाऱ्यावरचं. म्हणजे जगातले काही सर्वांत खडतर प्रवास आजही बॅटरीवरचा मोठा भार आधी उतरवूनच होतात.

इथे ज्ञानगंगेचा वाघही आठवतो. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण नर शेकडो किलोमीटर चालून आपल्या जिल्ह्यात आला आणि काही महिने इथेच रमला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून ही वाट जगाला कळली. कॉलरची बॅटरी जंगलात कोण भरणार? म्हणून अशा कॉलरने दिवसातून किती वेळा आपली जागा कळवायची, ते आधीच ठरवावं लागतं. जास्त वेळा कळवली तर बॅटरी लवकर संपते. खर्च ठरवून मगच वाटेला लागायचं, हा विचार वाघाच्या गळ्यातल्या बॅटरीला लागू आहे तसा धुऱ्यावरच्या बॅटरीलाही.

मग एका झटका मशीनचा हिशोब मांडून पाहू. समजा मशीन सरासरी ०.२ अँपिअर घेतं आणि चोवीस तास चालू आहे. दिवसाची जावक ४.८ एएच. दुकानदाराने सोबत दिलेली २० वॅटची प्लेट चांगल्या उन्हात साधारण १.१ अँपिअर देते. हिवाळ्यात तिच्या पूर्ण ताकदीचे पाच तास धरले आणि वाटेतली गळती वजा केली तर आवक ४.४ एएच. म्हणजे स्वच्छ आभाळाखालीसुद्धा बॅटरी रोज थोडी उपाशी राहते. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत तीन तासच धरा, आवक २.६. रोजची तूट २.२. बॅटरी २६ एएचची असेल तर सहाव्या दिवशी निम्म्यावर येते आणि पंधरवड्याच्या आत संपते. झड लागली तर त्याहून आधी. आणि ही वेळ नेमकी कोणती? सोयाबीन कोवळं, मका वाढीला, रान हिरवं. मशीनची सर्वांत जास्त गरज आणि उन्हाची सर्वांत जास्त टंचाई एकाच महिन्यात येते.

याच मशीनला ४० वॅटची प्लेट लावली तर ढगाळ दिवसाची आवक ५.३ होते आणि गाडी जेमतेम रुळावर राहते. हिवाळ्यात ती ८.८ पर्यंत जाते, त्यामुळे बॅटरी रोज दुपारपर्यंत पूर्ण भरते आणि संध्याकाळपर्यंत भरलेली राहते. पैसे बेताचे असतील तर मोठी बॅटरी घेण्याआधी मोठी प्लेट घ्या, असं मी ठामपणे सांगेन. मोठी बॅटरी फक्त मरण लांबवते. छोट्या प्लेटवर ती आणखीच कमी भरते. दुसरा मार्ग म्हणजे मशीन फक्त रात्री चालवणं. जावक निम्मी होऊन २.४ वर येते, तेव्हा २० वॅटची प्लेटही पावसाळा कशीबशी ओढून नेते. डुकरांसाठी हे पुरतं. रोही मात्र दिवसाही येतो, त्यामुळे दिवसा वावरात माणूस असतो की नाही, यावर हे ठरवावं.

गवताबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. पावसाळ्यात तारेला गवत लागलं की झटका मंदावतो आणि ‘बॅटरी उतरली’ असं म्हटलं जातं. साध्या मशीनमध्ये गवतामुळे बॅटरीतून जाणारा करंट फारसा वाढत नाही. झटकाच वाटेतल्या ओल्या गवतातून जमिनीत जिरतो. मग माणूस मशीनचं बटण जास्तीच्या खुणेवर नेतो, आणि तेव्हा मात्र बॅटरीचा खर्च खरोखर वाढतो. खालच्या तारेखालचं गवत काढणं आणि अर्थिंगचा गज ओलीत खोल ठोकणं, या दोन कामांना एक पैसा लागत नाही आणि बॅटरीचे कितीतरी एएच वाचतात.

प्लेट कशी बसवायची, यावर नौका आणि वावर यांच्यात एक मोठा फरक आहे. नौका रोज तोंड फिरवते, त्यामुळे तिच्यावरची प्लेट बहुधा आडवीच ठेवावी लागते. आपलं वावर हलत नाही. बुलढाणा साडेवीस अक्षांशाच्या आसपास आहे, म्हणून प्लेट दक्षिणेकडे तोंड करून जमिनीशी साधारण २० अंशांच्या उतारावर ठेवली की वर्षभराचा चांगला मेळ बसतो, शिवाय उतारामुळे पावसाने धूळही धुऊन जाते. सावलीचं दुखणं मात्र दोघांचं सारखंच. नौकेवर शिडाच्या दोराची बारीक सावलीसुद्धा घात करते, कारण प्लेटमधले ३६ तुकडे एका माळेत जोडलेले असतात आणि एक झाकला की सगळ्या माळेचा करंट अडतो. आपल्याकडे हे काम बांधावरचा निंब करतो, किंवा पाखरांची घाण. चोरीच्या भीतीने प्लेट झोपडीच्या छपरावर झाडाखाली बसवलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. भीती खरी आहे, पण झाडाखालची प्लेट असून नसल्यासारखीच.

अलीकडे आणखी एक चूक वाढते आहे. छतावरच्या सोलरमुळे ३३० वॅटच्या मोठ्या प्लेट स्वस्त मिळू लागल्या, म्हणून एक आणून १२ व्होल्टच्या बॅटरीला साध्या कंट्रोलरने जोडली जाते. साधा कंट्रोलर, ज्याला पीडब्ल्यूएम म्हणतात, तो प्लेटला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचून आणतो. मोठी प्लेट ३७ व्होल्टला ९ अँपिअर द्यायला बनलेली असते. १३ व्होल्टवरही ती ९ अँपिअरच देते. म्हणजे ३३० वॅटमधले ११५-१२० वॅट हाती आले, बाकी वाया. वर मोकळ्या प्लेटचं ४५ व्होल्ट न झेपून कंट्रोलर जळायची भीती. अशा प्लेटला जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलणारा एमपीपीटी कंट्रोलरच हवा. ४० वॅटच्या छोट्या प्लेटला मात्र त्यावर पैसे घालायची गरज नाही.

वायरीचंही तसंच. प्लेट छपरावर आणि बॅटरी १० मीटरवरच्या कोठ्यात, मधे दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. जाऊन येऊन २० मीटर. ५ अँपिअर वाहिले तर वाटेतच सव्वा व्होल्ट गळतो. बॅटरीला १४.४ हवं असताना तिच्यापर्यंत १३.२ पोचतं आणि शेवटचे २० टक्के कधीच भरत नाहीत. ४ चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर गळती अर्ध्या व्होल्टच्या आत येते. त्याहून चांगलं म्हणजे बॅटरी आणि कंट्रोलर प्लेटजवळच ठेवणं. १२ व्होल्टला अंतर परवडत नाही. झटक्याची तार शेतभर फिरते तिला हे लागू नाही, कारण तिथे व्होल्ट हजारोंत असतात.

उष्णतेच्या बाबतीत आपला जिल्हा स्वतःच दोन भागांत वाटलेला आहे. घाटावर, बुलढाणा-चिखलीकडे, उन्हाळा तुलनेने सोसण्याजोगा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात. बॅटरीचं तापमान १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा ढोबळ पण टिकलेला नियम आहे. तीच बॅटरी घाटावर चार वर्षं आणि घाटाखाली पत्र्याच्या पेटीत दोन वर्षं चालली तर त्यात कंपनीचा दोष नाही. पेटी पांढरी रंगवा, खाली-वर हवेला वाट ठेवा, जमिनीपासून उंच पण सावलीत ठेवा. पेटी हवाबंद करू नका. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि कोंडला तर ठिणगीने पेट घेतो. चांगल्या कंट्रोलरला तापमान कळतं आणि तो उन्हाळ्यात १४.४ ऐवजी १४ च्या आसपास थांबतो. ज्याला कळत नाही, तो मे महिन्यात बॅटरीतलं पाणी उकळवत राहतो.

पाण्यावरून घाटाखालचा दुसरा प्रश्न येतो. इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीत पाणी कमी झालं की डिस्टिल्ड वॉटरच घालायचं असतं. ते संपलं म्हणून विहिरीचं किंवा बोअरचं घालणारे सगळीकडे आहेत. पण पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुऱ्याचा बराचसा भाग, तिथलं पाणी पिकालाही सोसत नाही. त्यातले क्लोराइड आणि इतर क्षार पट्ट्या खातात आणि बॅटरी आपोआप उतरायला लागते. एकदा गेलेला क्षार काढता येत नाही. उन्हाळ्यात महिन्याला, एरवी तीन महिन्यांनी पातळी पाहावी. पाणी घालायचं ते बॅटरी भरल्यानंतर. भरताना पातळी वर चढते, आधी घातलं तर आम्ल बाहेर सांडतं.

फवारणीच्या पंपाची बॅटरी मात्र वेगळ्याच कारणाने जाते. हा १६ लिटरचा पंप आता घरोघरी आहे. त्याच्या तळाशी चार स्क्रू काढले की आत १२ व्होल्ट, ८ किंवा १२ एएचची बंद बॅटरी असते, दोन चपट्या पिनांवर लाल-काळ्या वायरी. जुलै ते ऑक्टोबर पऱ्हाटी आणि सोयाबीनवर तो रोज पाठीवर असतो. शेवटच्या फवारणीला पंपाचा आवाज बसतो, फवारा तुटक पडायला लागतो, तरी उरलेले दोन टाके तसेच संपवले जातात. स्वस्त पंपांत बॅटरी ठराविक व्होल्टला आपोआप बंद करणारी सोय नसते. मग तो तसाच कोठ्याच्या कोपऱ्यात जातो आणि थेट पुढच्या मृगात बाहेर येतो. ठार रिकामी बॅटरी आणि मधे अख्खा उन्हाळा. जूनमध्ये चार्जर लावला की दिवा दहा मिनिटांत हिरवा होतो आणि माणसाला वाटतं लवकर भरली. ती भरलेली नसते, तिच्यात घ्यायची ताकदच उरलेली नसते. यावर उपाय करायला सहा मिनिटंही लागत नाहीत. शेवटच्या फवारणीनंतर त्याच रात्री पूर्ण चार्ज, पिनांवरचा हिरवट थर पुसून थोडं व्हॅसलीन, एक वायर मोकळी, आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी एक रात्र चार्जर. रात्रच, आठवडा नव्हे. या पंपांचे बरेचसे चार्जर भरल्यावर थांबत नाहीत आणि बंद बॅटरी कोरडी पडते. नौकावाले हिवाळ्यात नौका किनाऱ्याला ओढून ठेवतात तेव्हा नेमकं एवढंच करतात.

ट्रॅक्टरची काढलेली बॅटरी झटका मशीनला लावायची पद्धत जवळजवळ प्रत्येक गावात आहे. फुकटची आहे म्हणून ती सोडवत नाही. पण ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ आणि पुष्कळ असतात, काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायला केलेल्या. रोज निम्मी रिकामी होणं त्यांना सोसत नाही. मशीनला किंवा इन्व्हर्टरला जाड, नळीच्या पट्ट्यांची ट्यूब्युलर बॅटरी लागते.

सगळ्यात चांगली बॅटरी कधीकधी बॅटरी नसतेच. सरकारी योजनांतले सौर कृषिपंप बॅटरीविना चालतात. ऊन आहे तोवर पाणी उपसतात, साठा होतो तो विहिरीबाहेरच्या टाकीत किंवा शेततळ्यात. साठवलेल्या पाण्यावर सल्फेट चढत नाही. नौकेवरचे लोकही समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र भर दुपारीच चालवतात, प्लेटची वीज थेट पाण्यात बदलून ठेवतात. रात्रीच्या ओलिताचा त्रास ज्यांना खरोखर संपवायचा आहे, त्यांनी बॅटरीवरच्या मोठ्या पंपाचा विचार सोडून शेततळं आणि दिवसाची वीज यांच्याच मागे लागावं, असं मला मनापासून वाटतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा मूळ हेतूही दिवसा वीज हाच आहे.

लिथियमचं काय? दुकानात आता लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या दिसतात, सौर पथदिव्यांत त्या आधीच आल्या आहेत. अर्धपोटी राहण्याचा त्यांना त्रास नाही, हा सगळ्यात मोठा गुण. जवळजवळ पूर्ण रिकामी करता येतात, दोन हजारांहून जास्त वेळा भरता येतात, वजन निम्म्याहून कमी. किंमत दुप्पट-तिप्पट. शून्याखालच्या थंडीत त्या चार्ज करू नयेत, पण तो आपला प्रश्न नाही. त्यांच्याबाबत दोन गोष्टी मात्र उलट्या आहेत. पहिली, त्यांचा व्होल्ट जवळजवळ शेवटपर्यंत सारखाच राहतो, म्हणून वर सांगितलेला पहाटेचा मल्टिमीटर इथे फसवतो. आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मीटरच हवा. दुसरी, ठेवून द्यायची असेल तर लिथियम निम्मी भरून ठेवावी, शिशाची पूर्ण भरून. फवारणीचा पंप लिथियमचा असेल तर हे लक्षात ठेवावं. कंट्रोलरही लिथियमचा निवडावा लागतो. जुन्या कंट्रोलरवर नवी बॅटरी अडकवून ती पाच वर्षं चालेल ही अपेक्षा चुकीची. माझ्या मते आज झटका मशीनसाठी लिथियम घ्यायला हरकत नाही, कारण पावसाळ्यातली उपासमार तीच सोसू शकते. घरच्या इन्व्हर्टरला मात्र रोज वीज येते आणि तो रोज पूर्ण भरतो, तिथे ट्यूब्युलरच परवडते.

सौर कुंपणाला डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं, आणि ते हवंच. पण अनुदानात येते ती पहिली बॅटरी. दुसरी शेतकऱ्याच्या खिशातून येते, आणि ती न आल्यामुळे धुऱ्यावर नुसत्या तारा लोंबत असलेली शिवारं आहेत. संच देताना प्लेट किती वॅटची, बॅटरी किती एएचची, एवढंच न लिहिता जुलैमधली आवक आणि जावक लिहून द्यावी. जिथे आवक कमी पडते तो संच मंजूरच करू नये. प्रत्येक गावात एक हायड्रोमीटर आणि तो वापरता येणारे दोन तरुण असले तर निम्म्या बॅटऱ्या वेळेत वाचतील. हे काम बचत गटालाही जमण्यासारखं आहे.

मेलेली बॅटरी भंगारात किलोवर जाते, कारण तिच्यातलं शिसं पुन्हा वितळवून वापरता येतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे, म्हणून नवी घेताना जुनी दुकानातच द्यावी आणि पावती घ्यावी. वजन कमी भरेल म्हणून, किंवा नेताना सांडू नये म्हणून, आतलं आम्ल धुऱ्यावर ओतून रिकामी बॅटरी देऊ नये. त्या आम्लासोबत शिसं जमिनीत उतरतं, विहिरीच्या पाण्यात जाऊ शकतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही.